मुद्रकाची ओळ

चळवळीचा कागद जपून ठेवण्यासाठी छापलेला नसतो. सभेच्या आदल्या दिवशी वस्तीत वाटायचा, चौकातल्या भिंतीला खळ लावून चिकटवायचा, सभा उरकली की उरलेला गठ्ठा रद्दीत घालायचा, एवढेच त्याचे आयुष्य. जो उरतो तो योगायोगाने उरतो. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी अंथरलेला, तसबिरीच्या मागे पुठ्ठा म्हणून घातलेला, नाहीतर शाळेच्या दाखल्याबरोबर एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत असा कागद शोधणाऱ्यांसाठी, जमवणाऱ्यांसाठी आणि त्याची नोंद ठेवणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. आंबेडकरी चळवळीचा कागद त्यात मुख्य आहे. त्याच्या शेजारी आदिवासी स्वायत्ततेच्या आणि जंगलहक्काच्या लढ्यांचा कागद आहे. दोन्हींचे गाव एक, छापखाने एक आणि बऱ्याचदा पावसाळाही एकच.

प्रस्तावनेत मला एकच गोष्ट लावून धरायची आहे. पत्रक हाती आले की आधी तळाकडे पाहावे. वर ठळक अक्षरात कोणाचे नाव आहे ते सगळ्यांनाच दिसते. त्या नावांचा इतिहास मुंबई-नागपुरात लिहून झालेला आहे. खाली ‘विनीत’ म्हणून जी दहा-पंधरा नावे दाटीने बसवलेली असतात, त्यांच्याखाली वर्गणी कोणाकडे द्यायची ते असते आणि अगदी कडेला, कित्येकदा कात्रीत अर्धी गेलेली, छापखान्याची ओळ असते. आपल्या जिल्ह्यांचा इतिहास त्या तळाशी आहे.

ती ओळ छापखानेवाल्याच्या हौसेने येत नसे. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. इंग्रजांना आक्षेपार्ह मजकुराचा माग काढायचा असेल तर कोणाचे दार ठोठावायचे ते कळावे, हा हेतू. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ मध्ये १२७-अ हे कलम आले आणि निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावे-पत्ते सक्तीचे झाले. छापखान्याने त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी, असेही त्यात आहे. सरकारने नजर ठेवण्यासाठी केलेली ही सोय आज संग्राहकाच्या कामी येते, हा त्यातला गमतीचा भाग. पत्रक चंद्रपुरात छापले की ब्रह्मपुरीत, वडशात की थेट नागपूरहून छापून आणले, यावरून त्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांचे येणे-जाणे कुठे होते, पैसा कुठून येत होता आणि उधारी कोण देत होते, याचा अंदाज बांधता येतो.

या भागातला छापखाना केवळ चळवळीवर कधीच जगला नाही. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळेच्या प्रश्नपत्रिका, निवडणुका, आणि दिवाळी सरली की झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रके. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचे ठाणे. त्यामुळे नाटकाच्या जाहिरातीतली वळणदार चौकट, हात दाखवणारा ठोकळा, दोन बाजूंच्या फुलांच्या नक्षी हेच सामान जयंतीच्या पत्रकावरही उतरलेले दिसले तर नवल नको. खिळे जुळवणारा कंपोझिटर तोच, त्याच्यापुढची खिळ्यांची पेटी तीच. बाबासाहेबांचा ब्लॉक मात्र वेगळा सांभाळावा लागे. ट्रेडलवर छापलेला कागद ओळखणे सोपे आहे. मागच्या बाजूने बोट फिरवले की अक्षरांचा उठाव लागतो. सायक्लोस्टाइलच्या कागदाला तो नसतो, शाई मात्र तंतूंतून पसरलेली असते आणि ‘ठ’, ‘ळ’ यांची पोटे भरून गेलेली असतात.

पत्रकांची सर्वांत मोठी खोड म्हणजे त्यांवर साल नसते. छापणाऱ्याला कशाला हवे? सभा तर परवाच असते. ‘रविवार, दि. १४ एप्रिल, सायंकाळी ६ वाजता’ एवढ्यावर काम भागते. तेव्हा संग्राहकाला पंचांग घेऊन बसावे लागते. १९५६ पासून २००२ पर्यंत १४ एप्रिल रविवारी आला तो १९५७, १९६३, १९६८, १९७४, १९८५, १९९१, १९९६, २००२ या वर्षी. आता पत्रकावर ‘चांदा’ आहे की ‘चंद्रपूर’ ते पाहा. नाव १९६४ मध्ये बदलले. लोकांच्या तोंडी चांदा आजही आहे, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. पत्त्यात ४४२ ने सुरू होणारा पिन कोड असेल तर कागद ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचा. ‘जिल्हा गडचिरोली’ असेल तर २६ ऑगस्ट १९८२ नंतरचा, कारण तोवर तो जिल्हाच नव्हता, सगळा मुलूख चंद्रपुरात होता. लोकसभा मतदारसंघ नुसता ‘चिमूर’ असेल तर २००८ च्या पुनर्रचनेच्या आधीचा. आणि डोक्यावर ‘जन्मशताब्दी’ असेल तर १९९१, प्रश्नच मिटला. एवढ्या खटाटोपाने एका कागदाचे साल हाती येते तेव्हा संध्याकाळ सार्थकी लागल्यासारखी वाटते. बाहेरच्याला त्यात काय मिळते हे विचारू नये.

साहजिकच पुस्तकाची सुरुवात १९५६ पासून आहे. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली आणि बाबासाहेब मोटारीने चांद्याला आले. १६ ऑक्टोबरला इथे दुसरा दीक्षा समारंभ झाला. त्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा पुढाकार होता. चांद्याचाच माणूस, पुढे रिपब्लिकन पक्षाचा नेता आणि १९६९ ते १९७२ राज्यसभेचा उपसभापती. त्या दोन दिवसांची मूळ पत्रके मिळावीत अशी प्रत्येक संग्राहकाची इच्छा असते, आणि मला त्याचीच थोडी धास्ती वाटते. मूळ म्हणून विकायला येणारा कागद पुष्कळदा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा छापलेला असतो. पुनर्मुद्रण करणाऱ्याने फसवलेले नसते. त्याने श्रद्धेने छापलेले असते, फक्त तळाची ओळ गाळलेली असते.

माझ्या मते त्याहून मोलाचा कागद १९५६ च्या नंतरचा आहे. दीक्षा घेणे एका दिवसाचे होते, ती कागदावर टिकवणे पुढच्या साडेतीन दशकांचे काम झाले. १९५१ च्या जनगणनेत देशभर सुमारे १ लाख ८१ हजार बौद्ध नोंदले गेले होते, १९६१ मध्ये साडेबत्तीस लाख, आणि त्यांतले सुमारे २८ लाख एकट्या महाराष्ट्रात. हा आकडा आपोआप चढलेला नाही. प्रगणक दारात आला की धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायला सांगा, हे घरोघर पोचवावे लागले. अशी आवाहने पुढच्या जवळपास प्रत्येक जनगणनेला निघत आली. पण त्याच वेळी दुसरा कागद विरुद्ध दिशेने ओढत होता. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळत नव्हत्या. त्या मिळाल्या १९९० च्या कायद्यानंतर. म्हणजे एका पेटीत बौद्ध धम्म स्वीकारल्याचे छापील प्रमाणपत्र आणि दुसऱ्या पेटीत मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, अशी घरे निघतात. बाहेरच्या अभ्यासकाला ही विसंगती वाटते. ज्यांनी पोराची फी भरली त्यांना विचारा. म्हणून या पुस्तकात सुचवलेल्या नोंदवहीत प्रत्येक कागदापुढे आणखी एक रकाना ठेवला आहे: तो घरात कोणत्या कागदांबरोबर सापडला. पेटीतून एकटे प्रमाणपत्र उचलून नेले तर अर्धी गोष्ट पेटीतच राहते.

छपाईच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांचा महत्त्वाचा महिना ऑक्टोबर. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १५ आणि १६ तारखेला धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाचा मेळा भरतो. जंगलपट्टीतल्या गावांतून माणसे येतात आणि परतताना पुस्तक घेऊन जातात. बावीस प्रतिज्ञांची कार्डे, भीमगीतांच्या पुस्तिका, कॅलेंडरे, बिल्ले, दहा-वीस रुपयांची पुस्तके. अनेक घरांतला छापील कागदाचा पहिला साठा याच दालनांवरून घरी आलेला आहे. २००६ हे धर्मांतराचे पन्नासावे वर्ष. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचे दलित हत्याकांड घडले होते आणि बातमी नीट बाहेर यायलाही वेळ लागला. त्या ऑक्टोबरात चंद्रपूरच्या मेळ्यात दिल्लीच्या एका प्रकाशकाच्या दालनावर पोलिसांनी कारवाई करून पुस्तके ताब्यात घेतली. त्यांत भगतसिंगांवरचीही पुस्तके होती, आणि तेव्हा त्यावर देशभरातून निषेध झाला. खैरलांजीनंतर विदर्भात जी पत्रके, सत्यशोधन अहवाल आणि मोर्चांची आवाहने निघाली, त्यांचा काळ हाच. ते सगळे स्वस्त कागदावर, घाईघाईने छापलेले, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्या चुका संग्राहकाने नोंदीत दुरुस्त करू नयेत अशी माझी विनंती आहे. घाई हाही पुरावा असतो.

आता पँथरकडे येतो, कारण संग्राहकांची उडी तिथेच पडते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी नाव उचलले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात ते नाते स्पष्ट सांगितले. याच जाहीरनाम्यावरून पँथरमध्ये फूट पडायला सुरुवात झाली. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाचा १५ ऑगस्ट १९७२ चा अंक, ज्यात ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला, त्यासाठी आज माणसे रद्दीवाल्यांच्या मागे हिंडतात. हिंडू द्यात. पण पुण्याचा अंक चंद्रपुरात सापडला तर त्याची नोंद पुण्याच्या अंकासारखी करू नका. तो इथवर कोणाच्या हाताने आला, किती जणांनी वाचला, कोणाचे नाव पेनाने वर लिहिले आहे, ते लिहा. त्याशिवाय तो फक्त आणखी एक प्रत.

ज्यांच्याकडून नाव घेतले त्यांच्या कागदाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ब्लॅक पँथर पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये स्थापन झाला. त्याच्या वृत्तपत्राचा पहिला अंक एप्रिल १९६७ मध्ये निघाला तो सायक्लोस्टाइल केलेला, चार पानांचा, पोलिसांच्या गोळीने मेलेल्या एका तरुणाबद्दल विचारणा करणारा. नंतर एमरी डग्लस या चित्रकाराने त्याला जाड काळ्या रेषांचा चेहरा दिला. रस्त्यावर तो अंक पंचवीस सेंटला विकला जाई. आज तेच अंक आणि भित्तिचित्रे लिलावात जातात, विद्यापीठे विकत घेतात, काचेखाली ठेवतात. ही वाट एका दिवसात झालेली नाही. त्याच्या चाळीस वर्षे आधी आर्तुरो शोम्बर्ग नावाचा मूळचा पोर्तो रिकोचा गृहस्थ न्यूयॉर्कमधल्या एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करत काळ्या लोकांची पुस्तके, पत्रके, हस्तलिखिते जमवत होता. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तो संग्रह दहा हजार डॉलरना घेतला गेला आणि हार्लेममधल्या शाखेत ठेवला गेला. म्हणजे ज्या वस्तीचा कागद, त्याच वस्तीत तो राहिला. मला शोम्बर्गचे हे मोठेपण लिलावाच्या आकड्यांपेक्षा जास्त वाटते.

आपल्याकडे शोम्बर्ग झाले नाहीत असे नाही. चांगदेव खैरमोडे बाबासाहेब हयात असतानाच साधने जमवत होते, त्यांनी लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये आला. नागपूरच्या वसंत मून यांच्या धडपडीतून महाराष्ट्र शासनाचे लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून निघू लागले. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी छायाचित्रे आणि पत्रे जमवण्यात हयात घातली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना लिहिलेले पत्र डुबॉइस यांच्या कागदपत्रांत मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात सुखरूप आहे, आणि आपण ते वाचू शकतो. पण ही सगळी बाबासाहेबांची साधने. ती जमली हे आपले भाग्य. नागभीडच्या किंवा आरमोरीच्या एखाद्या वस्तीतल्या जयंती समितीची वर्गणीची पावती मात्र कोणत्याच खंडात बसत नाही.

आणि ती पावती बघण्यासारखी असते. लहान आकाराचे पावतीपुस्तक, दोन रुपये किंवा पाच रुपये, निळी शाई, एका कोपऱ्यात अशोकचक्र. नाव हाताने लिहिलेले. पाठीमागे कोणीतरी पेन्सिलीने मजुरीचा हिशेब केलेला. अशा पावतीची समोरची बाजू सगळे फोटोत घेतात. मागची घेत नाहीत. पुस्तकात प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढायला सांगितले आहे ते एवढ्यासाठीच.

लाँग मार्च हे तिसरे मोठे प्रकरण. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. हेच कवाडे १९९८ मध्ये चिमूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्या वर्षी रिपब्लिकन गटांचे चार खासदार झाले, तेवढे नंतर झाले नाहीत. मोर्चाचे पत्रक आणि निवडणुकीचे पत्रक शेजारी ठेवून वाचा. ‘विनीत’मधली कोणती नावे दोन्हींत आहेत आणि कोणती गळाली, त्यावरून वीस वर्षांत काय झाले ते कळते. गटबाजीवर वेगळा निबंध लिहायची गरज नाही.

आदिवासी चळवळीचा कागद शोधताना सवयी बदलाव्या लागतात. इथे कागद उशिरा आला, आणि तो एका भाषेत नाही. मराठी, हिंदी, देवनागरीतली गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगूही. १९८४ च्या सुमारास इंद्रावतीवरच्या भोपालपट्टणम आणि गोदावरीवरच्या इंचमपल्ली धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. लालश्यामशाह महाराज आणि बाबा आमटे त्यात होते. धरणे झाली नाहीत, पण त्यासाठी छापलेला कागद सहजी दिसत नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेले बाबुराव शेडमाके दरवर्षी पत्रकांवर येतात. इथे पुन्हा तळाशी पाहा, आयोजक दरवेळी वेगळे असतात.

या विभागातला मला सर्वांत आवडणारा कागद पत्रक नाहीच. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा आणि शेजारचे मर्दा ही गावे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. त्यावरून पुढचा झगडा झाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्याला येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. सरकारी कारकुनाच्या टेबलावर असते तसलेच पुस्तक, फरक एवढाच की सही ग्रामसभेची. घोषणांच्या शंभर पत्रकांत जे मागितले होते ते या रुक्ष पुस्तकात मिळालेले आहे. ज्या बांबूसाठी हे झाले त्याचा लगदा करणारी बल्लारपूरची कागद गिरणी याच मुलखात १९४५ पासून आहे. कोणते पत्रक तिच्या कागदावर छापले गेले हे आज सांगता येणार नाही, पण कागद, बांबू आणि हक्क ही तीन प्रकरणे इथे वेगळी काढता येत नाहीत.

एक गोष्ट पुस्तकात मुद्दाम घेतलेली नाही. बंदी असलेल्या माओवादी संघटनेची पत्रके आणि फलक यांचा संग्रह कसा करावा, हे इथे सापडणार नाही. इतिहास म्हणून त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण आतल्या गावातल्या माणसाच्या घरात असा कागद सापडला तर त्याचे काय होऊ शकते, आणि तो देत नाही म्हटल्यावर दुसऱ्या बाजूने काय होऊ शकते, हे शहरातून आलेल्या संग्राहकाला भोगावे लागत नाही. मागू नका. कोणी देऊ केला तरी घेऊ नका.

जतनाबद्दल थोडेच. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांपर्यंत जातो आणि लगेच जूनमध्ये हवा ओली होते, कागदाला याहून वाईट काही नाही. वर्तमानपत्री कागद पिवळा पडून तुटणारच, तो थांबवता येत नाही, लांबवता येतो. लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. चिकटपट्टी, रबरबँड, टाचणी तिन्ही नकोत. वाळवी आणि कसर यांच्यासाठी कडुलिंबाचा वाळका पाला आजीच्या काळापासून चालत आला आहे. तो कागदाला थेट लागू न देता ठेवायला हरकत नाही, पण खरा उपाय म्हणजे पेटी भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वर ठेवणे आणि पावसाळ्यानंतर उघडून पाहणे.

कागद घरातून नेण्याआधी विचार करा. फोटो काढून मूळ तिथेच ठेवता आला तर तेच बरे. न्यावाच लागला तर पोच द्या, छापील द्या, आणि तिच्या तळाशी तुमचे नाव-पत्ता घाला. १८६७ चा कायदा आता राहिला नाही. २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा मार्च २०२४ पासून त्याच्या जागी आला आणि पुस्तकांची नोंद त्यातून वगळली गेली. सभेची आवाहने तर केव्हाच फोनवर आली आहेत, ज्यांना मुद्रक नाही, तळ नाही आणि बहुधा तारीखही नाही. त्यांची नोंद कशी करावी याचा एक कच्चा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे. तो अपुरा आहे. वापरून पाहणाऱ्यांनी त्यात रकाने वाढवावेत.